खुलासा: ‘माइन’ हा दुसरा सीझन नाही

‘माइन’ (२०२१) ही कोरियन मालिका म्हणजे ‘द लेडी इन डिग्निटी’ (२०१७) या मालिकेची पुढची गोष्ट, असं मीच परवा लिहिलं होतं. ते चुकलं. पोस्ट फिरतेय, म्हणून हा खुलासा.

दोन्हींची लेखिका एकच, बेक मी-क्यंग. दोन्हीकडे श्रीमंत घर आणि सुरुवातीलाच मृत्यू. घोळ तिथेच झाला. काल दोन्हींची श्रेयनामावली पुन्हा पाहिली. ‘द लेडी इन डिग्निटी’ जेटीबीसी वाहिनीची, ‘माइन’ टीव्हीएन वाहिनीची. पात्रंही वेगळी: तिथे नायिकेच्या म्हाताऱ्या सासऱ्याची देखभाल करायला आलेली बोक-जा, ‘माइन’मध्ये ह्योवॉन घराण्यातल्या दोन सुना. त्यातली धाकटी, पूर्वाश्रमीची अभिनेत्री ही-सू, माझी लाडकी!

त्यामुळे ‘माइन’ थेट बघा, काही अडत नाही. जुनी पोस्ट पुढे पाठवू नका. ग्रुपवर टाकली असेल तर कृपया काढा.