जुन्या स्प्लेंडरला एबीएस मागता का? नाही बापा, पण फोनची गोष्ट वेगळी आहे

आपल्या नागपूरच्या ग्रुप्सवर एक मेसेज फिरून राहिला आहे. म्हणणं असं की नवीन फीचर फक्त नवीन फोनला देणं यात अन्याय कसला, जुन्या हार्डवेअरला ते झेपत नाही, तुम्ही त्याचे पैसे दिलेच नव्हते आणि नवीन फोन घ्यायची जबरदस्ती कोणी करत नाही. वरून टोमणा, की जुन्या स्प्लेंडर बाईकला एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी सिस्टीम) मागता का?

"झेपत नाही" हे काही वेळा खरंच असतं, तिथे मी भांडत नाही. फोनमध्येच चालणारं एआय मॉडेल फोनच्या मेमरीत, म्हणजे रॅममध्ये, बसावं लागतं. 2024 मध्ये ॲपल इंटेलिजन्स, म्हणजे ॲपलची एआय फीचर्स, आलं तेव्हा 8 जीबीवाला आयफोन 15 प्रो आत आणि 6 जीबीवाला साधा 15 बाहेर, पण 2020 चा एम1 चिपवाला मॅकबुक आत, म्हणजे प्रश्न वयाचा नव्हता, रॅमचा होता. ठीक आहे.

पण त्याच वर्षी मार्चमध्ये गूगलकडून सांगितलं गेलं की जेमिनी नॅनो हे फोनमध्येच चालणारं एआय गूगलच्याच पिक्सेल 8 फोनवर येणार नाही, हार्डवेअरची मर्यादा आहे, आणि लोकांनी ओरड केल्यावर त्याच महिन्यात शब्द फिरवला न् जूनमध्ये डेव्हलपर ऑप्शनमध्ये (फोनच्या आतल्या खास सेटिंगमध्ये) ते देऊनही टाकलं. तीन महिन्यांत लोकांच्या खिशातल्या फोनची रॅम वाढली का? आयपॅडचं स्टेज मॅनेजरही (एकावेळी बऱ्याच ॲपच्या विंडो उघडायची सोय) तसंच, 2022 च्या जूनमध्ये फक्त एम1 वाल्यांना, सप्टेंबरमध्ये 2018 च्या आयपॅड प्रोलाही, फक्त बाहेरचा मॉनिटर सोडून.

आता ती स्प्लेंडर. एबीएसला चाकाजवळ सेन्सर लागतो, हायड्रॉलिक युनिट लागतं, ती वस्तूच गाडीत नाही. फोनमध्ये बरेचदा वस्तू असते, बटण नसतं. चार्जिंग 80 टक्क्यांवर थांबवायची सेटिंग बघा, ही आयफोन 15 पासून पुढेच आहे, 14 वाल्याला नाही. आणि गंमत म्हणजे 14 ला 80 वर थांबता येतं! ऑप्टिमाइज्ड चार्जिंग 2019 पासून आहे, त्यात फोन तुमची सवय बघून स्वतःच 80 वर थांबतो, फक्त तुम्ही सांगितलं तर ऐकत नाही. मग इथे काय झेपत नाही म्हणे?

पुण्या-मुंबईवाल्याला हे किरकोळ वाटेल. पण लिथियमची बॅटरी गरमी आणि फुल चार्ज या दोन्हीने लवकर म्हातारी होते, ॲपल स्वतःच फोन 35 डिग्रीपर्यंतच्या हवेत वापरा म्हणते आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 ला टेकतो. व्हरायटी चौकात सिग्नलला उभा डिलिव्हरीवाला बघा, हँडलवर उन्हात फोन, मॅप चालू, गाडीच्या यूएसबीला वायर, बॅटरी दिवसभर शंभरावर. ही सेटिंग सगळ्यात जास्त याला पाहिजे, आणि जुना फोन याच्याकडेच असतो.

"पैसे दिले नव्हते" म्हणता, तं पिक्सेल 8 आणि गॅलक्सी एस24 पासून सात वर्षं अपडेट मिळतील असं सांगूनच फोन विकतात ना, म्हणजे त्या अपडेटचे पैसे किमतीत आलेच की. त्या अपडेटमध्ये पुढे काय मिळेल आणि काय नवीन मॉडेलसाठी राखून ठेवतील हे मात्र घेताना कोणी सांगत नाही. साधा आयफोन 15 सप्टेंबर 2023 चा आणि ॲपल इंटेलिजन्सची घोषणा जून 2024 ची, ज्याने दिवाळीत हप्त्यावर घेतला त्याचे हप्तेही संपले नसतील. रॅमचं कारण खरं असलं तरी कमी रॅम कोणी टाकली, गिऱ्हाइकाने?

जबरदस्तीचं तं बोलूच नका. विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सिक्युरिटी चिप आणि मायक्रोसॉफ्टच्या यादीतला प्रोसेसर पाहिजे. इतवारीतल्या दुकानात बिलं काढणारा धडधाकट कॉम्प्युटर त्या यादीत नसेल तर थोड्या काळाची मुदतवाढ, पुढे धोका पत्करा किंवा नवीन घ्या. याला मर्जी म्हणतात काय?

शेवटी मेसेजवाला लिहितो, कंपनी काही धर्मादाय संस्था नाही. हाव ना, मग आपण तरी काहून तिच्या बाजूने फुकटात वकिली करतो? रॅम कमी पडते तर किती लागते ते लिहा, स्लो चालेल तर "स्लो चालेल" अशी वॉर्निंग देऊन बटण द्या, आणि नुसतं नवीन मॉडेल खपवायला अडवलं असेल तर ते हार्डवेअरच्या नावावर खपवू नका.