हॅचला निम्म्या जाडीचं पॉलिकार्बोनेट? अजिबात नको

शिडाच्या बोटीवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मजकूर फिरतोय. 'डेक हॅचची काच बदलताय? दुकानदार हे तुम्हाला कधीच सांगणार नाही' अशी त्याची सुरुवात. हॅच म्हणजे बोटीच्या डेकवरचं झाकण; त्यात ॲक्रिलिक किंवा पॉलिकार्बोनेट यांपैकी एका पारदर्शक प्लास्टिकची शीट असते, तिलाच सगळे 'काच' म्हणतात. गोव्यात एका शिडाच्या बोटीची देखभाल बघणाऱ्या माझ्या भाच्यानं तो मला पाठवला आणि खाली लिहिलं, 'मामा, जुनं दहा एमएमचं ॲक्रिलिक काढतोय. पाच एमएमचं पॉलिकार्बोनेट कापून पाठवा, मापं देतो.' पोरगं हुशार आहे, समुद्र बघितलेलं आहे, आणि तरी त्याला हे पटलं. ऑर्डर द्यायच्या बेतात होता. त्याला फोनवर जे सांगितलं ते इतरांनाही कळावं म्हणून लिहितोय.

मजकूर थोडक्यात असा: ॲक्रिलिक म्हणजे दुकानाच्या बोर्डाचं प्लास्टिक, उन्हात दोन वर्षांत तडकतं. पॉलिकार्बोनेट कधीच फुटत नाही आणि कधीच खराब होत नाही. ते इतकं मजबूत आहे की निम्म्या जाडीचं पुरतं. शीट कुठल्याही बाजूनं बसवा. काच धूसर झाली की थिनर किंवा पेट्रोलच्या फडक्यानं पुसा, नव्यासारखी होते. आणि शेवटी, सिलिकॉन कुठलंही चालतं, स्क्रू मात्र गच्च आवळा.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात माझं शीट कापून, भोकं पाडून, वाकवून द्यायचं काम आहे. ॲक्रिलिक आणि पॉलिकार्बोनेट दोन्ही विकतो. पॉलिकार्बोनेट खपलं तर बिल मोठं होतं, म्हणजे दुकानदार त्याचे गुण कशाला लपवेल? तो मुद्दा इथंच सोडतो.

सगळ्यात घातक वाक्य निम्म्या जाडीचं. ज्यांनी बोट आतून बघितली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. हॅच म्हणजे नुसतं झाकण नव्हे. बंद असताना खालच्या केबिनला उजेड देतं, उघडलं की हवा देतं, आणि वेळ आली तर माणूस त्यातून बाहेर पडतो. डेकवर वावरणारा माणूस रात्री, ओल्यात, हेलकाव्यात त्याच्यावर पाय देतोच देतो. वादळात लाट थेट त्याच्यावर आपटते. म्हणजे हातोड्याचा घाव पडून ते फुटतं का, एवढंच बघून भागत नाही. भाराखाली ते किती वाकतं, हे आधी बघायचं.

आणि वाकण्याच्या बाबतीत पॉलिकार्बोनेट ॲक्रिलिकपेक्षा कमी पडतं. त्याचा ताठपणा ॲक्रिलिकच्या जेमतेम पाऊणपट आहे. त्यात जाडी निम्मी केली की गणित पार बिघडतं, कारण ताठपणा जाडीच्या घनानं बदलतो. जाडी निम्मी, तर ताठपणा आठवा हिस्सा. दोन्ही धरलं तर दहा एमएमच्या ॲक्रिलिकच्या जागी पाच एमएमचं पॉलिकार्बोनेट साध्या हिशेबानं जवळपास अकरा पट वाकणार. विश्वास बसत नसेल तर कुठल्याही शीटवाल्याच्या दुकानात जा. दोन्हीच्या सारख्या रुंदीच्या दोनेक फुटी पट्ट्या दोन ठोकळ्यांवर आडव्या टाका आणि मधोमध तळहातानं रेटा. दहाचं ॲक्रिलिक जागचं हलल्यासारखं वाटत नाही. पाचचं पॉलिकार्बोनेट झोळीसारखं खाली येतं, आणि हात काढला की वर. फुटत नाही, कबूल. पण हॅचच्या फ्रेममध्ये काचेची कड थोडक्याच रुंदीच्या खाचेत, सिलिकॉनच्या जोरावर बसलेली असते. मधला भाग खाली गेला की कडा आत ओढल्या जातात आणि सिलिकॉन सोलत जातं. सुरुवात गळतीनं होते. मोठी लाट आली तर अख्खी काच न फुटता, जशीच्या तशी आत पडू शकते. खाली झोपलेल्या माणसाच्या अंगावर. न फुटलेल्या काचेचा त्याला काय उपयोग?

लहान बोटींच्या खिडक्या आणि हॅचसाठी आयएसओ १२२१६ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. मजबुती आणि पाणी न शिरणं, दोन्हीसाठी. वाद घालायचाच असेल तर फॉरवर्ड बाजूला ठेवून ते धरा. त्यात ॲक्रिलिक आहे, पॉलिकार्बोनेट आहे, खरी काचही आहे. जाडी काढताना माल कोणता, खिडकी केवढी, ती बोटीवर नेमकी कुठं आहे आणि बोट किती खुल्या समुद्रात जाणार, हे सगळं धरून हिशेब करायचा असतो. 'माल चिवट, म्हणून जाडी निम्मी' असला नियम त्यात कुठंही नाही. बोटीचा हिशेब करून बनवणाऱ्यानं दहा एमएम घातलं असेल तर बदलताना तुम्ही त्याच्या खाली जायचं नाही. पॉलिकार्बोनेटच घालायचं असेल तर तितकंच, किंवा खाचेत मावत असेल तर जाड. यात घासाघीस नको.

आता ॲक्रिलिक म्हणजे बोर्डाचं प्लास्टिक, हा मुद्दा. विमानातल्या प्रवाशाच्या बाजूची खिडकी ॲक्रिलिकची असते. जपानमधल्या ओकिनावाच्या मत्स्यालयात देवमाशाएवढ्या शार्कच्या टाकीपुढं ८.२ मीटर उंच, २२.५ मीटर रुंद आणि ६० सेंटिमीटर जाडीचा पारदर्शक पडदा आहे, तोही ॲक्रिलिकचाच. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत कॉकपिटच्या ॲक्रिलिकचे कण घुसले आणि डोळ्यांनी ते सोसले. हे बघून हॅरॉल्ड रिडली या डॉक्टरांनी १९४९ साली लंडनमध्ये मोतीबिंदूच्या रुग्णाच्या डोळ्यात पहिली कृत्रिम लेन्स बसवली, तीही याच पदार्थाची. लेवमारसारख्या हॅच बनवणाऱ्या जुन्या कंपन्या ॲक्रिलिक वापरतात ते काही माहिती नसल्यामुळं नव्हे.

यात एक अर्धसत्य मात्र आहे आणि ते मला मान्य करावं लागतंय. ॲक्रिलिकमध्ये कास्ट (साच्यात ओतलेलं) आणि एक्स्ट्रुडेड (यंत्रातून दाबून काढलेलं) असे दोन प्रकार येतात. एक्स्ट्रुडेड स्वस्त. त्यात आतला ताण जास्त, ड्रिल लावला की वितळून बिटाला चिकटतं आणि भोकाच्या कडेनं लवकर चिरा धरतं. हॅचला कोणी ते लावलं असेल तर ते तडकलं यात नवल नाही. दुकानात 'ॲक्रिलिक द्या' एवढंच सांगितलं तर हातात काय पडेल त्याचा भरवसा नाही. 'कास्ट शीट' असं म्हणून मागायचं आणि वरच्या कागदावर काय छापलंय ते वाचायचं.

'पॉलिकार्बोनेट कधीच खराब होत नाही' हे तर कोल्हापुरात कोणी म्हणूच नये. शिरोलीत, गोकुळ शिरगावात, कुठल्याही मशिन शॉपमध्ये जा आणि जुन्या सीएनसीच्या, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या धातू कापायच्या मशिनच्या, दाराची खिडकी बघा. ती पॉलिकार्बोनेटचीच असते, कारण चकमधून, म्हणजे मशिनच्या पकडीतून, धातूचा जॉब सुटून उडाला तर त्याला तीच अडवू शकते. तिथं पॉलिकार्बोनेटला पर्याय नाही, मी स्वतः दुसरं काही देत नाही. पण कूलंट (कापताना थंड ठेवायला सोडलेलं द्रव) आणि तेलाच्या माऱ्यानं ती खिडकी हळूहळू धुरकट होते, कडेनं केसासारख्या चिरा धरते आणि आतून ठिसूळ होत जाते. बदलायला आलेली अशी एखादी शीट आम्ही टेबलावर घेतो तेव्हा कोपरा हातानं मोडतो. नवी असताना हाच माल घणाला दाद देत नव्हता. म्हणून तर ही खिडकी ठरावीक मुदतीनं बदलायची असते. तेव्हा पॉलिकार्बोनेट खराब होतं. फक्त त्याला खराब करणाऱ्या गोष्टी वेगळ्या.

उन्हाचंही तेच. ॲक्रिलिक मुळातच ऊन सोसतं. पॉलिकार्बोनेट सोसत नाही, पिवळं पडतं आणि ठिसूळ होतं. म्हणून त्याच्यावर अतिनील किरण अडवणारा एक पातळ थर दिलेला असतो, आणि बऱ्याच शीटवर तो एकाच बाजूला असतो. कुठली बाजू उन्हाकडं ठेवायची ते संरक्षक फिल्मवर लिहिलेलं असतं. 'कुठल्याही बाजूनं बसवा' म्हणणाऱ्यानं ती फिल्म कधी वाचलेली नाही. शिवाय पॉलिकार्बोनेटवर ओरखडे लवकर उठतात आणि ते घासून काढायला गेलं की हा थरही जातो. ॲक्रिलिकवर ओरखडे आले तर बारीक पाणपेपर आणि पॉलिशनं ते पुन्हा चमकवता येतं.

आणि थिनर! हे वाचून माझं डोकंच फिरलं. मजकूर लिहिणाऱ्यानं एकदा तरी स्वतः करून बघितलं असतं तर हे वाक्य लिहिलं नसतं. काचेच्या तुकड्यावर थिनर चालतो, म्हणून प्लास्टिकवरही चालेल असं गृहीत धरलंय. करून बघायचं तर कापलेल्या ॲक्रिलिकचा, भोक पाडलेला टाकाऊ तुकडा घ्या आणि भोकाभोवती थिनरचं फडकं फिरवा. भोकाच्या कडेपासून बारीक चांदीसारख्या रेषा निघतात आणि डोळ्यांदेखत पुढं सरकतात. वरून नख फिरवलं तर काही लागत नाही, कारण त्या आत असतात. कापताना, ड्रिल मारताना शीटमध्ये ताण राहिलेला असतो. थिनर त्या ताणाला वाट करून देतो. स्पिरिटनंसुद्धा ॲक्रिलिकला हेच होतं, काचा पुसायच्या अमोनियावाल्या फवाऱ्यानंही होतं. पॉलिकार्बोनेट तरी सुटलं का? नाही. थिनर आणि ॲसिटोन त्याला पांढरं करून टाकतात, पेट्रोलनं त्यालाही चिरा जातात. हेल्मेटची काच पेट्रोलच्या बोळ्यानं पुसून जिनं वाट लावून घेतली नाही अशी एक तरी गल्ली कोल्हापुरात सापडेल का?

सगळ्यात वाईट म्हणजे पुसल्या पुसल्या काच थोडा वेळ खरंच चकचकीत दिसते, कारण वरची मेणचट घाण गेलेली असते. मग माणूस तोच मजकूर आणखी चार जणांना पाठवतो. त्या चौघांच्या हॅचमध्ये चिरा पडतील तेव्हा त्यांना कारण कळणारही नाही, ते ॲक्रिलिकलाच शिव्या देतील. पुसायला गोडं पाणी आणि सौम्य साबण, एवढंच. आधी पाण्यानं मीठ धुवून काढायचं, मग मऊ कापड. कोरड्या फडक्यानं मीठ घासलं तर तेच पाणपेपरचं काम करतं.

पॉलिकार्बोनेटच्या बाजूनं जे खरं आहे तेही सांगतो. घाव सोसण्यात ॲक्रिलिक त्याच्या जवळपासही येत नाही. आग लागली तर ॲक्रिलिक जळत राहतं, पॉलिकार्बोनेट सहसा स्वतःहून विझतं. केबिनच्या दाराला लावायच्या उचलत्या फळ्या असतील, वादळात खिडकीवर बाहेरून चढवायचं जादा आवरण असेल, तर मी पॉलिकार्बोनेटच सुचवेन. तिथं मार बसतो आणि काम झालं की ते आत ठेवता येतं, ऊन फार लागत नाही. बारा महिने उन्हात पडून पाय झेलणाऱ्या हॅचला मात्र योग्य जाडीचं कास्ट ॲक्रिलिक, हे माझं मत आहे आणि भाच्यालाही तेच पाठवतोय.

राहिला स्क्रू आणि सिलिकॉनचा मुद्दा. ॲक्रिलिक, पॉलिकार्बोनेट, दोन्ही तापलं की ॲल्युमिनियमच्या तिप्पट फुगतं. अर्ध्या मीटरच्या काचेत ४० अंशांच्या फरकानं १.४ मिलिमीटर, आणि फ्रेम मात्र अर्धा मिलिमीटरही नाही. म्हणून चारी बाजूंनी मोकळी जागा सोडायची, स्क्रू असतील तर भोकं सैल पाडायची आणि बोटानं बसतील त्याहून थोडेसेच आवळायचे. गच्च आवळलेला स्क्रू म्हणजे चिरेची सुरुवात. सिलिकॉन न्यूट्रल क्युअर (सुकताना आम्ल न सोडणारं) लिहिलेलंच घ्यायचं. पॉलिसल्फाइडचा सीलंट बोटीच्या इतर कामांना चांगला, पण या शीटना त्यानं इजा होते. हार्डवेअरच्या दुकानात काचेच्या टाकीसाठी म्हणून जी ट्यूब सहज मिळते ती बहुतेक ॲसिटिकवाली असते. पॉलिकार्बोनेटला ती लावायची नाही. ओळखायला सोपी आहे: तोंड कापून थोडं बोटावर घ्या, व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर हॅचला ती नको.