‘स्टीलचं पातेलं’ म्हणणाऱ्या भाऊंना

मी केलेल्या पी-५१ मस्टँगच्या (दुसऱ्या महायुद्धातलं अमेरिकन लढाऊ विमान) मॉडेलच्या पोस्टखाली भुसावळच्या एका वाचकांनी लिहिलंय: "दादा, हे विमान आहे का लग्नात आलेलं स्टीलचं पातेलं? चंदेरी रंगाखाली ग्लॉस (चकचकीत) काळा मारणं म्हणजे फुकटचा उद्योग, ग्रे प्रायमरवर सगळं होतं. आणि पी-५१च्या पंखांवर पुट्टी भरून चंदेरी रंग दिलेला असायचा, ते फ्यूजलाजसारखे (विमानाच्या धडासारखे) चमकत नाहीत."

भाऊ, चुका काढा, माझी ना नाही. पण पातेलं? टॅमिया कंपनीचं १/४८ मापाचं मॉडेल घासून गुळगुळीत करायला किती रात्री जातात, हे तुम्हाला माहीत असेलच. म्हणजे, स्वतः मॉडेलं करत असाल तर. तुमच्या प्रोफाइलवर एकही दिसलं नाही म्हणून म्हटलं.

फोटो भर दुपारी गच्चीवर काढलाय, त्यामुळे चकाकी जरा जास्त दिसते. तेवढं मान्य.

आता तो "फुकटचा उद्योग". अल्क्लॅड या धातूसारख्या दिसणाऱ्या लॅकर रंगांमधला साधा ॲल्युमिनियम किंवा ड्युरॅल्युमिनियम ग्रे प्रायमरवर छान बसतो, मीही तसाच मारतो. पण इथे मी वापरलाय पॉलिश्ड ॲल्युमिनियम. त्याचा थर इतका पातळ की थोडा उजेड आरपार जातो. खाली काळं असलं की तो उजेड तिथेच जिरतो आणि वर नुसती धातूची चमक राहते. खाली राखाडी असेल तर सगळं पांढुरकं, मेलेलं दिसतं. आणि काळा ग्लॉसच का, तर धातूचे बारीक कण आडवे बसायला खाली काचेसारखा पृष्ठभाग लागतो. त्या काळ्यात धुळीचा एक कण राहिला की वर तो फोडासारखा उठून दिसतो. काळा पुरता सुकला नसेल तर वरच्या थराला तडे. एवढं सांभाळून मग एअरब्रशचं प्रेशर १२ ते १५ पीएसआयवर ठेवून हलके हलके हात मारायचे.

त्यात आपलं जळगाव. मे महिन्यात पारा ४५ला टेकतो, थिनर हवेतच उडून जातो आणि रंग कोरडा होऊनच मॉडेलवर पोचतो, खरखरीत बसतो. म्हणून मी पहाटे मारतो, कूलर बंद करून, घाम गाळत. काळ्यात लेव्हलिंग थिनर घालतो, त्यातल्या रिटार्डरमुळे, म्हणजे सुकणं लांबवणाऱ्या द्रव्यामुळे, रंगाला पसरायला वेळ मिळतो. हे सगळं फुकटचं, नाही का?

धुळ्यात आग्रा रोडला माझ्या मामांचं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज होतं. शाळेच्या सुट्ट्या तिथे वॉटर पेपर घासण्यात गेल्या. अँबेसिडरवर ड्यूको (गाडीचा लॅकर रंग) चढताना मी हाताच्या अंतरावरून बघितलाय. गनच्या नुसत्या आवाजावरून प्रेशर सांगणारे कारागीर होते तिथे. त्यांच्या हाताखाली शिकलेल्याला तुम्ही प्रायमर शिकवायला निघालात!

पंखांचं म्हणाल तर कारखान्यातून येताना तसं होतं, ठीक आहे. पण आज उडणाऱ्या कितीतरी मस्टँगचे पंख मालकांनी घासून लखलखीत केलेत. माझं त्यातलं समजा. खुणा १९४४च्या आहेत म्हणून काय झालं? त्या विमानांवरही तशाच असतात. या मुद्द्यावर आणखी वेळ घालवायची माझी इच्छा नाही.

एकदा पॉलिश्ड ॲल्युमिनियम ग्रेवर मारून फोटो टाका, मग बोलू. मारताना मास्क लावा. लॅकरची वाफ छातीला वाईट, आणि तोंडालाही तेवढाच आराम.