ठसा उमटेना

अंबाजोगाईत मुलीचं नाव शोधायला लांब जावं लागत नाही, देवळात योगेश्वरी बसलेलीच आहे. माझ्या वर्गात तिघी योगेश्वरी होत्या. आमचे अण्णा पडले संस्कृतचे मास्तर. ते थेट ऋग्वेदात शिरले आणि लोपामुद्रेला घेऊनच बाहेर आले. बारशाला आजी म्हणाली, "नाव ठेवलास का मंत्र म्हणलास रं?" तिच्यासाठी मी शेवटपर्यंत 'लोपी'.

अण्णा कौतुकानं गोष्ट सांगत. अगस्त्य ऋषींना आपले पितर खड्ड्यात उलटे लटकलेले दिसले. वंश चालायचा तर बायको हवी. मनाजोगती मिळेना, म्हणून त्यांनी एकेका प्राण्याचं उत्तम ते घेऊन मुलगीच घडवली आणि विदर्भाच्या राजाकडे वाढायला ठेवली. त्या प्राण्यांच्या रूपाची मुद्रा तिच्यापुढं लोपली, म्हणून लोपामुद्रा, असा अर्थ सांगतात.

बँकेत मात्र वेगळा अर्थ निघाला. मुद्रा म्हणजे पैसा, लोप म्हणजे गायब! खिडकीतल्या साहेबांनी पासबुक उलटंपालटं केलं नि विचारलं, "मुद्रा लोन थकलंय का?" ही कर्जाची योजना आली 2015 साली, मी त्याच्या कितीतरी आधीची, पण हे सांगून उपयोग काय? रेशनकार्डावर मी 'लोकमुद्रा' आहे, गॅसच्या पुस्तकावर 'लोपा मुद्रा' अशा दोन बाया. एका सिलिंडरवर दोघींचा स्वयंपाक होतो, हे कुणाच्या लक्षात आलं नाही ते बरं.

तशी मूळ बाईही पैशाच्या बाबतीत पक्की होती. वल्कलं नेसून आश्रमात आली, पण संसाराला आधी धन आणा म्हणाली. अगस्त्य तीन राजांकडे गेले. तिघांनी जमाखर्चाच्या वह्या पुढं ठेवल्या: जेवढी जमा, तेवढाच खर्च, शिल्लक शून्य. महाभारतातला हा भाग मी नवऱ्याला दर महिन्याच्या वीस तारखेला ऐकवते. तोही वही काढतो.

गेल्या आठवड्यात आधारवरचं नाव दुरुस्त करायला केंद्रावर गेले. पाचवी खेप. पोरगा चांगला होता. अक्षर अक्षर विचारून, अगदी 'द्र'सुद्धा नीट टाकलं. मग म्हणाला, "बोट ठेवा, ताई." ठेवलं. "पुन्हा ठेवा." डावा अंगठा झाला, उजवा झाला, ओल्या फडक्यानं पुसून झाला. यंत्र लाल ते लालच.

"ठसा उमटंना, ताई. रेषाच झिजल्यात. भांडी लई घासता का?"

ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलात 179वं सूक्त आहे, सहाच ऋचांचं. पहिल्या दोन लोपामुद्रेच्या. 'पूर्वीरहं शरदः शश्रमाणा', म्हणजे किती वर्षं झाली, रात्रंदिवस राबतेच आहे मी, आणि प्रत्येक पहाट म्हातारपण घेऊन उगवते. लहानपणी अण्णांनी पाठ करून घेतलं, तेव्हा मी फक्त ऱ्हस्व-दीर्घ सांभाळत होते.

"लोप पावली बघ मुद्रा," मी म्हणाले.

"काय म्हणलाव?"

"काही नाही रे. घासते भांडी."

"मंग आठ दिस खोबऱ्याचं तेल लावा," तो म्हणाला, "अन् भांड्याला हात लावू नका."

घरी येऊन नवऱ्याला हे शब्दशः सांगितलं. त्यानं विचारलं, "तो केंद्रावरचा पोरगा होता की डॉक्टर?"