पॅशन फ्रूटमधलं 'पॅशन' कामवासनेचं नाही

'पॅशन फ्रूटने कामवासना वाढते, म्हणूनच त्याचं नाव पॅशन' असा मेसेज फिरतोय. गेल्या आठवड्यात मीही तो न तपासता पुढे ढकलला होता. चूक माझी.

'पॅशन'चं मूळ लॅटिन 'पाती', म्हणजे सोसणे. 'पेशंट' आणि 'पॅसिव्ह' हे शब्दही त्याच कुळातले. इंग्रजीत हा शब्द आधी येशूने क्रुसावर भोगलेल्या यातनांसाठी आला. तीव्र भावना, प्रेम, ध्यास हे अर्थ मागाहून चिकटले.

फळाला नाव मिळालं ते फुलावरून. दक्षिण अमेरिकेत गेलेल्या स्पॅनिश धर्मप्रचारकांना त्या फुलातल्या तंतूंच्या वलयात येशूचा काटेरी मुकुट दिसला, ५ पुंकेसरांत त्याच्या जखमा आणि वरच्या ३ टोकांत क्रुसाचे खिळे; म्हणून ते 'पॅशन फ्लॉवर'. त्याच कुळातलं फूल आपल्या कुंपणावर चढतं, त्याला आपण कृष्णकमळ म्हणतो. आपल्याकडे तंतू म्हणजे १०० कौरव, ५ पुंकेसर म्हणजे पांडव आणि वरची ३ टोकं ब्रह्मा-विष्णू-महेश. ज्याची त्याची नजर!

फळ जरूर खा, आंबटगोड लागतं. तो मेसेज मात्र आता पुढे पाठवू नका. माझ्याकडून आला असेल तर त्याखाली हा खुलासा टाका.