‘2000 शब्द लिहा, गूगल वर आणेल’ म्हणे!

‘गूगलच्या पहिल्या पानावर येण्याचे पाच हमखास उपाय’ हा फॉरवर्ड आंबा बागायतदारांच्या ग्रुपांवर फिरतोय. मुख्य शब्द प्रत्येक परिच्छेदात घाला, पान किमान 2000 शब्दांचं करा, प्रत्येक शहराच्या नावाने वेगळं पान टाका, सर्वांत जास्त शोधला जाणारा शब्दच धरा आणि मेटा कीवर्ड (पानाच्या कोडमध्ये लपलेली, वाचणाऱ्याला न दिसणारी शब्दांची यादी) भरा. एरवी सोडून दिलं असतं. पण देवगडच्या माझ्या मामेभावाने ऐन हंगामाच्या तोंडावर हे सगळं इमानेइतबारे केलं आणि ‘जरा बघ रे’ म्हणून लिंक पाठवली.

बघितलं. सुरुवात: ‘आंबा हा फळांचा राजा आहे.’ मग पोर्तुगीज, मग त्यांचा गव्हर्नर अल्बुकर्क, मग आंब्याचे आरोग्याला फायदे. भाव? अंगठा दुखेपर्यंत पान सरकवा, मग सापडतो. पेटी चार डझनांची की सहा, नाशिकला माल कुठल्या वारी जातो, डागी फळ निघालं तर बदलून देणार का, यातलं काहीच नाही. अरे, ‘देवगड हापूस पेटी भाव’ असं टाइप करणारा माणूस पैसे काढून बसलाय. त्याला अल्बुकर्क कशाला सांगतोस?

2000 चा आकडा कुठून आला देव जाणे. लिहिणाऱ्याने स्वतःला कोणते प्रश्न विचारावेत याची यादी गूगलनेच आपल्या मार्गदर्शनात दिली आहे. त्यात विचारलंय, गूगलला अमुक शब्दसंख्या आवडते असं ऐकून तुम्ही तेवढं लिहिताय का? आणि लगेच उत्तरही दिलंय, की आम्हाला तशी कुठलीही संख्या आवडत नाही. खुद्द गूगल सांगतंय, आता आणखी कोणाची साक्ष काढायची?

लांब लिहायची जागा वेगळी. ‘हापूसमध्ये साका का होतो’, म्हणजे आतला गर पांढरट, स्पंजासारखा का होतो, असं विचारणारा आज पेटी घ्यायला आलेला नाही, त्याला समजून घ्यायचंय. तिथे जमिनीतून येणारी उष्णता, चौदा आणे (म्हणजे जवळजवळ पूर्ण) तयार फळाची काढणी, सगळं सविस्तर लिही, तो वाचेल. पण ते पान वेगळं आणि भावाचं वेगळं. हे काही मी शोधून काढलेलं नाही. संगणकशास्त्रज्ञ आंद्रेई ब्रोडर यांनी 2002 मध्येच मांडून ठेवलंय, की कोणी ठरावीक साइटवर पोचायला शोधतो, कोणी माहितीसाठी, कोणी काहीतरी उरकून टाकायला. अल्टाव्हिस्टा या तेव्हाच्या सर्च इंजिनवरच्या शोधांत त्यांना माहितीसाठीचे निम्म्याहून किंचित कमी आढळले. म्हणजे उरलेल्यांना निबंध नकोच होता.

शहरांच्या पानांचा उपाय मात्र नुसता फालतू नाही, घातकी आहे. मजकूर तोच, फक्त नाव बदललेलं. तेही धड नाही, कोल्हापूरच्या पानावर मध्येच ‘सांगलीकरांनो’ अशी हाक! नाशिकच्या माणसाला वाटतं दुकान नाशकातच आहे. तो फोन करून पत्ता विचारतो आणि ‘देवगड’ ऐकून वैतागतो. गूगलच्या स्पॅमविरोधी धोरणात असल्या पानांचा थेट उल्लेख आहे. पकडली गेली तर पाच-पंचवीस पानांबरोबर चांगलं पानही मागे पडू शकतं, प्रसंगी निकालांतून गायबही होऊ शकतं. कुठल्या शहरात कधी माल पोचतो आणि पाठवणावळ किती, याचा एका पानावर एक तक्ता टाकला की काम झालं.

पहिल्या उपायात अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य करतो. गिऱ्हाईक जे शब्द वापरतं ते पानावर हवेतच. पेटी, डझन, घरपोच. पण एकदा-दोनदा. प्रत्येक ओळीत ‘देवगड हापूस’ कोंबणं त्याच स्पॅमच्या यादीत येतं, शिवाय वाचणाऱ्याला पान लिहिणाऱ्याच्या डोक्याबद्दल शंका येते ती वेगळीच.

सर्वांत जास्त शोधला जाणारा शब्द? नुसतं ‘आंबा’ शोधणाऱ्यांत शाळेचा निबंध लिहिणारी पोरं आहेत, लोणच्याची कृती हवी असलेल्या काकू आहेत, कलमं लावणारे आहेत. त्या गर्दीत पेटी घेणारे किती? शब्द स्वतः टाकून बघावा. वर फोटो, पाककृती, नकाशा की दुकानं येतात, त्यावरून शोधणाऱ्यांना काय हवंय याचा बराच अंदाज येतो. आणि आपल्या पानावर लोक काय शोधून पोचले ते गूगल सर्च कन्सोल हे साइटवाल्यांसाठीचं गूगलचं साधन फुकट दाखवतं.

राहिला मेटा कीवर्ड. क्रमवारी लावताना आम्ही तो विचारात घेत नाही, असं गूगलने 2009 मध्येच जाहीर केलंय. फॉरवर्ड किती शिळा आहे ते यावरून ठरवा.