करिअरचं पान पोरांसाठी आहे का शोभेसाठी?

आज लई डोकं फिरलंय, इथं लिहून टाकल्याशिवाय झोप येणार नाही. मी संभाजीनगरजवळच्या वाळूज एमआयडीसीत एका ऑटो पार्ट्सच्या कंपनीत एचआरला आहे, नाव सांगणार नाही, १७० माणसं, प्रेस शॉप, वेल्ड शॉप आणि सीएनसीची, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनची, एक लाइन. आज सकाळच्या मीटिंगमध्ये परत तेच वाक्य कानावर आलं, "मराठवाड्यातल्या पोरांना कामच करायचं नाही, जाहिरात देऊन माणसं मिळेनात." तीन वर्षं झाली हे ऐकायले मी. अरे पण जाहिरात कुठं दिली? वेबसाइटवर. मग ते करिअरचं पान एकदा तरी स्वतःच्या मोबाइलवर उघडून बघितलं का कुणी? केबिनमधल्या लॅपटॉपवर नाही, पोरं ज्या आठ हजाराच्या फोनवर बघतात तसल्या फोनवर.

मी बघितलं. वर मोठ्ठा फोटो, पांढरं हेल्मेट घातलेले गोरे लोक हातात नकाशा घेऊन हसायलेत. आमच्या शॉपमध्ये असा एकही माणूस नाही आणि असली मशीनही नाही. खाली 'जॉइन अवर फॅमिली'. त्याच्या खाली जागांची यादी, ती पण एका फोटोत, झूम केलं की अक्षरं फुटतात, आणि तारीख बघितली तर २०२२ ची. त्यातल्या दोन जागा भरून ती माणसं सोडूनही गेली. पगार? 'अ‍ॅज पर इंडस्ट्री नॉर्म्स'. गेवराईहून नाहीतर कन्नडहून येणाऱ्या पोराला चार गोष्टी कळायला पाहिजेत, हातात किती येणार, ऑन रोल म्हणजे थेट कंपनीत का कॉन्ट्रॅक्ट, ड्युटी आठ तास का बारा, आणि बस बजाजनगरपर्यंत येते का सिडकोपर्यंत. पीएफ, ईएसआय, कँटीनचे पैसे कापतात का, हे गेटवरचा वॉचमन मामा दोन मिनिटात सांगतो, आमच्या पानावर यातलं एक अक्षर नाही! त्याच्याऐवजी चेअरमन साहेबांचा संदेश आहे, चारशे शब्दांचा, इंग्रजीत.

आणि तो फॉर्म. सगळा इंग्रजीत. 'करंट सीटीसी', म्हणजे आत्ताचा वर्षाचा पगार, भरणं सक्तीचं, फ्रेशर पोरगं शून्य टाकतं तर लाल अक्षरात एरर येतो. म्हणजे ज्याला पहिली नोकरी पाहिजे त्याला फॉर्म पुढंच जाऊ देत नाही. रेझ्युमे फक्त पीडीएफ आणि तोही दोन एमबीच्या आत, आता आयटीआयच्या पोराकडं कुठलं पीडीएफ, त्याच्याकडं मार्कमेमोचा मोबाइलवर काढलेला फोटो असतो. वरून आधार आणि पॅन पहिल्याच फॉर्मला मागायलेत. कामून? अजून तुम्ही त्याला फोन केला नाही, इंटरव्ह्यू नाही, ऑफर नाही. २०२३ चा डेटा संरक्षणाचा कायदा आलाय, कामापुरतीच माहिती घ्या हे त्याच्या मुळाशी आहे, इथं कुणाला पडलेलीच नाही. एवढं सगळं भरून पोरगं खाली आलं तर सबमिटचं बटण त्या गोल व्हॉट्सअ‍ॅपच्या चिन्हाखाली झाकलेलं, दाबलं की आमच्या सेल्सवाल्याचा चॅट उघडतो. मी स्वतः चार वेळा करून बघितलं, चौथ्यांदा गेलं. पानावर आलं 'अवर टीम विल कॉन्टॅक्ट यू'.

कुठली टीम? तो मेल जातो कुठं हे कंपनीत कुणालाच माहीत नव्हतं. आयटीवाला म्हणे वेबसाइटवाल्याला विचारा, वेबसाइटवाला पुण्यात, तो म्हणे एएमसी, म्हणजे देखभालीचा वर्षाचा करार, संपली. पंधरा दिवस मागं लागून पासवर्ड मिळवला. माझ्या आधीच्या मॅडमनी बनवलेला मेलबॉक्स, त्या सोडून गेल्या तेव्हापासून कुणी उघडलाच नाही. १,१४० मेल. न वाचलेले. हात गार पडले माझे.

त्यातला एक मेल सांगते. पोरगं घनसावंगी तालुक्यातलं, आयटीआय टर्नर, म्हणजे लेथ मशीनचं काम शिकलेलं. फॉर्म जाईना म्हणून त्यानं सरळ मेल केलेला. मार्कमेमो सारवलेल्या ओट्यावर ठेवून फोटो काढलाय, वाऱ्यानं उडू नये म्हणून एका कोपऱ्यावर पितळी पेला ठेवलाय आणि त्या पेल्यानं नेमके गुण झाकले गेलेत, म्हणून त्यानं खाली टाइप करून परत गुण लिहिलेत. पुढं, "आदरणीय सर, अप्रेंटिस झालेली आहे, सेटिंग येते, कोणत्याही शिफ्टला यायला तयार आहे." चौदा महिन्यांपूर्वीचा मेल. आणि त्याच महिन्यात सीएनसी ऑपरेटर मिळेना म्हणून आम्ही पैसे घेऊन माणसं शोधून देणाऱ्या कन्सल्टन्सीच्या दारात उभे होतो! मी त्याला फोन लावला. चाकणला आहे तो, चौघात एक खोली करून राहतो. म्हणाला, "मॅडम, वाळूजला लागलो असतो तर दर रविवारी घरी गेलो असतो, आई एकटीच आहे." मी काय बोलणार? सॉरी म्हटलं आणि ठेवला.

आता पैशाचं ऐका. कन्सल्टन्सीचा रेट ८.३३ टक्के, म्हणजे वर्षाच्या पगारातला एक महिना. वर्षाला ३ लाख ६० हजारवाला इंजिनिअर घेतला तर ३० हजार, वर १८ टक्के जीएसटी, ३५,४०० रुपये एका माणसामागं. मागच्या वर्षी असे सहा घेतले, दोन लाख बारा हजार चारशे. पान दुरुस्त करायचं कोटेशन आलं होतं १८ हजाराचं, ते सहीला टेबलावर पडून पडून पिवळं झालं. "बजेट नाही."

आणि परत मलाच विचारायलेत, आपल्या जागा गुगलवर कामून दिसत नाहीत. अहो साहेब, गुगलवर नोकऱ्या दिसायला प्रत्येक जागेचं वेगळं पान लागतं, त्यात पदाचं नाव, कामाचं वर्णन, कंपनी, ठिकाण, कधी टाकली ती तारीख हे ठरलेल्या मार्कअपमध्ये, म्हणजे गुगलला वाचता येईल अशा कोडमध्ये, लिहावं लागतं, आणि जागा भरली की पान काढावं लागतं. तुमची यादी फोटोत आहे! पोरगं 'सीएनसी ऑपरेटर वाळूज' टाकून मरमर सर्च करायलंय, आपण सापडणार कसे? अप्रेंटिसचंही तेच. तीस आणि त्याच्या वर माणसं असलेल्या कंपनीला कायद्यानंच २.५ ते १५ टक्के अप्रेंटिस घ्यावे लागतात, म्हणजे आम्हाला कमीत कमी पाच तरी, आणि त्या पानावर अप्रेंटिस हा शब्दच नाही. दरवर्षी शेवटच्या महिन्यात माझी धावपळ.

सगळ्यात जास्त चीड कशाची येते सांगू, खरं पान मेलेलं असलं की खोटे लोक जिवंत होतात. मागच्या दिवाळीत आमच्या कंपनीच्या नावानं व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज फिरला, लोगोसकट, गेटपास आणि युनिफॉर्मचे १,८०० रुपये भरा, सोमवारी जॉइन व्हा. सोमवारी नऊ पोरं गेटवर, एक पोरगी बदनापूरची, वडिलांना घेऊन आलेली, डिप्लोमाची फाइल छातीशी धरून. वडील मला म्हणाले, "मॅडम, आम्ही वेबसाइट बघितली होती, तिथं काही लिवलेलं नव्हतं म्हणून खरं वाटलं." एक ओळ टाकायची होती हो, आम्ही नोकरीसाठी कुणाकडूनही पैसे घेत नाही. एक ओळ. ती आजही टाकलेली नाही, मी तीनदा मेल केला.

आजच्या मीटिंगमध्ये हे सगळं बोलले मी, त्या १,१४० मेलचं प्रिंटआउट घेऊन गेले होते. ऐकून घेतलं. मग वेबसाइटसाठी ड्रोन शूटिंग मंजूर झालं, ६५ हजार. १८ हजाराच्या कोटेशनचं काय म्हटलं तर "पुढच्या क्वार्टरला बघू."

मी आता रोज रात्री घरून त्या मेलांना उत्तरं पाठवायले, उशीर झाला माफ करा, अजून नोकरी शोधताय का, आणि खाली माझा नंबर. आज ४१ झाले. सात जणांचे लगेच फोन आले, त्यातल्या दोघांना उद्या दहा वाजता गेटवर बोलावलंय, पगार किती आणि बस कुठून हे फोनवरच सांगून टाकलं.